डाव्या खोक्याच्या तारा

ताई स्वभावाने चांगली होती असं कुणी म्हणणार नाही, आणि म्हटलंच तर पहिला आक्षेप ती स्वतः घेईल. मोठ्या हॉटेलच्या धुलाईखान्यात इस्त्रीच्या टेबलांवर ती मुकादम होती. हाताखालच्या बायका तिला पाठीमागे 'वाफ' म्हणायच्या. चादरीला एक चुणी राहिली तरी ती चादर त्या बाईच्या अंगावर फेकायची आणि वर ऐकवायची, "मला कुणाचं मन राखता येत नाही, चादर राखता येते." दिवसभर यंत्रांची घरघर डोक्यात घेऊन ती घरी यायची. घरात तिला एकच गोष्ट हवी असायची, ती म्हणजे शांतता.

नेमका त्याच घरात धाकटा भाऊ येऊन बसला. बायको वारल्यावर त्याला स्वतःचं घर खायला उठलं, म्हणून चार दिवसांसाठी बॅग घेऊन आला आणि इथलाच झाला. तो पाण्याच्या पंपघरात मिस्त्री होता. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालत्या पंपाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, आणि आत कुठलं बेअरिंग कुरकुरतंय ते सांगायचं, ही त्याची ख्याती. कानांवरच त्याचं पोट होतं, आणि त्या कानांचा त्याला भारी माज. जेवताना ताईची कवळी कुठल्या बाजूला सैल झालीय हेसुद्धा तो न बघता सांगायचा. त्यावरून एकदा ताईने त्याला वाडगं फेकून मारलं होतं.

अशा माणसाने एका रविवारी होम थिएटर आणलं. विचारलं नाही, सांगितलं नाही. दोन उंच खोकी टीव्हीच्या दोन्ही बाजूंना, एक बसकं खोकं खाली. टीव्हीच्या मागे केबल खुपसली, सेटिंगमध्ये जाऊन टीव्हीचा स्वतःचा आवाज बंद केला, आणि मग तारा सोलता सोलता त्याचं व्याख्यान सुरू झालं.

"लाल तार लालमध्ये, काळी काळ्यात. एका खोक्याची जरी उलटी लागली ना ताई, तर आवाज येतो, पण पोकळ. जीवच जातो त्यातला. दोन खोकी एकमेकांचा आवाज मारतात."

"आपल्या दोघांसारखी," ताई म्हणाली.

संध्याकाळी पहिला हाणामारीचा सिनेमा लागला आणि फळीवरच्या कपबशा नाचायला लागल्या. ताईचं डोकं तडकलं.

"आवाज कमी कर."

"कमी करून बघायचा तर मग आणला कशाला?"

"हे घर माझं आहे."

"मग काढ मला बाहेर."

ते तिच्याने होणार नव्हतं. होणार नव्हतं हे त्यालाही ठाऊक होतं, आणि त्याचाच तिला जास्त संताप आला.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर तिने डावं खोकं फिरवलं, खटके दाबून दोन्ही तारा ओढून काढल्या, लाल काळ्यात घातली, काळी लालमध्ये, आणि खोकं पुन्हा भिंतीला टेकवलं. हातासरशी वरची धूळही पुसली.

संध्याकाळी धाकट्याने टीव्ही लावला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. आधी चॅनेलला शिव्या घातल्या, मग टीव्हीला. खोलीत इकडे बसला, तिकडे बसला. खोकं मात्र फिरवून पाहिलं नाही. स्वतःचं जोडकाम दुसऱ्यांदा तपासायचं म्हणजे त्याच्या लेखी नाक कापून घेणं. शेवटी त्याने विचारलं, "ताई, तुला कसा येतोय गं आवाज?"

"कसा म्हणजे? कालच्यासारखाच. कान किटले माझे."

तो कानात बोट घालून हलवत राहिला. ताईला मनातल्या मनात उकळ्या फुटत होत्या.

पुढे टीव्ही कमी होत गेला, आणि एक दिवस लागायचाच बंद झाला. ताईला हवी ती शांतता मिळाली. धाकटा जेवताना खाली मान घालून जेवायचा. कवळी खरोखरच सैल झाली होती, तरी एका शब्दाने बोलला नाही. ताईला ते खटकलं, पण तिने स्वतःला दटावलं की बरंच झालं, खोड मोडली.

मग एका संध्याकाळी तो लवकर घरी आला. खिशातून लाकडी मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर काढून त्याने कपाटावर ठेवला. तो स्क्रू-ड्रायव्हर त्याने याआधी कधी घरी आणला नव्हता.

"साहेबांना सांगून आलो. मला पंपावरून काढा म्हटलं, फाटकावर बसवा."

"का? काय झालं?"

"कान गेले माझे. टीव्हीवरची माणसं बोलतात, आणि आवाज कुठून येतोय तेच कळत नाही मला. आमचा आधीचा मिस्त्री असाच गेला कामातून. आता पंपाला कान लावतो तर तिथेही धड खात्री वाटत नाही. माझ्यामुळे पंप जळाला तर?"

ताई घाबरली, आणि घाबरली की तिला राग यायचा, तसाच आला.

"गाढवा, कान नाही गेले तुझे! मी तारा उलट्या लावल्यात! डाव्या खोक्याच्या!"

असं ओरडतच ती धावली, खोकं फिरवलं, तारा उपसल्या आणि तावातावाने लाल लालमध्ये, काळी काळ्यात लावून मोकळी झाली. धाकटा उठून मागून येईपर्यंत बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

तो वाकला. "बरोबरच तर आहेत."

"आत्ता बरोबर केल्या मी! तुझ्यासमोर!"

धाकटा हसला. इतक्या वर्षांत तो तिच्याशी इतका मऊ कधी बोलला नव्हता. "राहू दे, ताई. जन्मात कुणाचं मन राखलं नाहीस. आता माझ्यासाठी खोटं नको बोलूस."

तिने टीव्ही लावला. कुणीतरी कुणाला तरी दम देत होतं, आणि आवाज थेट त्या माणसाच्या तोंडातून यावा तसा येत होता, भरीव आणि स्वच्छ. तिच्यासारखीलाही फरक कळला.

"ऐक! ऐक आता!"

धाकट्याने मान तिरकी करून ऐकलं. मग रिमोट उचलून आवाज उतरवायला लागला. "तुला त्रास होतो."

तिने रिमोट हिसकावला. "होऊ दे मेल्या! मोठा कर! आणखी मोठा!" तिने आवाज इतका चढवला की कपबशा वाजायला लागल्या, आणि शेजारच्यांनी भिंतीवर धपाधप मारायला सुरुवात केली.

"चांगला येतोय ना?" धाकट्याने विचारलं. तो टीव्हीकडे बघत नव्हता. आवाज कसा आहे ते कळायला तो ताईच्या तोंडाकडे बघत होता.