नाव न घातलेली चिठ्ठी

लालबागच्या आमच्या चाळीत माझ्या शेजारच्या खोलीत राहणाऱ्या गृहस्थांना परळच्या ऑफिसात मीटिंग कशी घ्यावी याचं दोन दिवसांचं ट्रेनिंग मिळालं, आणि चाळीची मीटिंग चाळीची राहिली नाही. आता प्रत्येकाने नाव न घालता चिठ्ठीवर कल्पना लिहायची, ते ती मोठ्याने वाचणार, आणि कल्पना कितीही येडी असली तरी कोणी ‘नाही’ म्हणायचं नाही. वाचून झालं की चष्मा कपाळावर सरकवून ते म्हणतात, “छान. पुढे?” उंदरांसाठी मांजरांची भरती करा, यालाही छान.

गेल्या खेपेला विषय होता तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचा. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या खाली उतरल्याच नव्हत्या. कोणी दोरीचा पाळणा सुचवला, कोणी गणपतीची ट्रॉली. मग एक चिठ्ठी निघाली: ‘तळमजल्यावरच्या कोणीतरी आजींशी खोली बदलावी.’

ते स्वतः तळमजल्यावरचे. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले, मीसुद्धा. त्यांनी चष्मा काढून सावकाश पुसला आणि “छान” म्हणाले. ‘पुढे’ म्हणालेच नाहीत.

रविवारी त्यांचं कपाट वर गेलं, आजींची खाट खाली आली. आता आजी दारात बसून मासेवालीशी मनसोक्त भांडतात. ते मात्र तीन जिने उतरून आले की माझ्या दाराशी दम खायला थांबतात.

परवा थांबले, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, “अक्षर छान आहे रे तुझं. पुढे?”