पास्कूच्या अंगणातला हुकूमशहा

पास्कू गेल्याचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. फोनवर त्याची बायको, रेजिना वहिनी, शांतपणे सांगत होती की पहाटे गेला, त्रास झाला नाही, दुपारी चर्चमध्ये मिस्सा आहे. मी अर्ध्या चेहऱ्याला साबण तसाच ठेवून खुर्चीत बसलो, आणि मनात पहिला विचार काय आला असेल? आता हा माझ्या कादंबरीबद्दल कधीच काही बोलणार नाही… पंचवीस वर्षांपासूनचा मित्र गेला आणि मला माझ्या बाडाची चिंता! रडू नंतर आलं, पुष्कळ आलं. पण क्रम हा असा होता. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी चार चांगले शब्द लिहा, असं मला सांगण्यात आलंय. लिहितो. पण पास्कूबद्दल लिहायचं आणि जळफळाट गाळायचा, तर मागे फारसं काही उरत नाही.

आम्ही दोघं वसईतल्या एकाच शाळेत मराठी शिकवायचो. मी देशावरून आलेला, व्याकरण आणि शुद्धलेखनवाला. तो पाचूबंदरच्या ख्रिस्ती कोळ्यांचा, मोठ्या आवाजाचा, रंगीत शर्टांचा, लग्नात न बोलावता गाणी म्हणणारा. मीही शिक्षक, तोही शिक्षक, तरी तो मला कायम मास्तर म्हणायचा. आठवीच्या मागच्या बाकावरची मुलं माझ्या तासाला खिडकीबाहेर बघायची आणि त्याच्या तासाला त्याच्याकडे. त्याला स्वतःचं कौतुक फार. नवा शर्ट घातला की स्टाफरूममध्ये एक फेरी मारायचा, आणि गंमत म्हणजे लोकांना त्याचाही राग येत नसे. मला यायचा.

नव्वद सालानंतरची गोष्ट असेल. किल्ल्याच्या तटावर फिरताना मी त्याला म्हणालो की हुकूमशाहीखाली माणसं कशी जगतात यावर एक मोठी कादंबरी लिहायचं माझ्या मनात आहे. मी जाडजूड ग्रंथ आणून टिपणं काढत होतो. माझ्या काल्पनिक राजधानीचा नकाशा तयार होता, कोणतं खातं कोणत्या इमारतीत बसतं हेही ठरलेलं होतं. पास्कूनं सगळं नीट ऐकून घेतलं, "विषय बरा हाय," म्हणाला, आणि दोन पावसाळे जायच्या आत स्वतःच कादंबरी लिहून मोकळा झाला. चोरी म्हणता येणार नाही. विषय काही माझ्या बापाचा नव्हता, आणि त्यानं लिहिलं ते माझ्या नकाशात कुठं बसणारंही नव्हतं. म्हणून तर जास्त लागलं.

'ओहोटीला बंदी' ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. एका किनाऱ्यावरच्या राज्यात सरकार ठरवतं की ओहोटी ही देशाची नामुष्की आहे, तेव्हा यापुढे कायम भरतीच असेल. समुद्र रोजच्यासारखा मागे जातो, पण लोक चिखलात होड्या ढकलतात, चिखलात वल्ही मारतात, रिकाम्या टोपल्या बाजारात नेतात आणि गिऱ्हाइकं मासळी ताजी आहे म्हणत त्या विकत घेतात. तपासनीस रस्त्यात लोकांचे पाय ओले आहेत ना ते बघतात. म्हणून प्रत्येक घराच्या उंबऱ्याशी एक बादली असते. बाहेर पडताना पाय भिजवून निघायचं. एक म्हातारी एका सकाळी बादलीकडे न बघता निघते आणि चौकात म्हणते, "माझे पाय कोरडे हायत." पुढे तिचं काय होतं ते पास्कू लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या उंबऱ्याशी दोन बादल्या दिसतात, एवढंच लिहितो. मी ते वाचलं आणि पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. माझी बायको सुनंदा हिनं ते एका दुपारीत संपवलं, आणि त्यानंतर कितीतरी दिवस भाजीला निघताना म्हणायची, "थांबा, पाय भिजवून येते." माझं लिखाण वाचून ती "छान जमलंय" म्हणते आणि कुकर बघायला जाते.

त्याची लिहायची पद्धत मला नंतर कळली. तो आधी लिहीतच नसे, सांगायचा. संध्याकाळी त्याच्या घरासमोरच्या अंगणात जाळी शिवायला माणसं बसत, बायका जवळा निवडत, आणि हा मध्ये ओट्यावर बसून आदल्या दिवशी सुचलेलं सांगायचा. दुसऱ्या दिवशी ज्याच्याबद्दल कुणी आपणहून विचारलं तेवढंच कागदावर उतरायचं. बाकीचं सोडून द्यायचा. एकदा मी विचारलं की अरे, सोडलेलं वाया जात नाही का? तर म्हणाला, "मास्तर, जे कोनी विचारलं नाय ते माझं एकट्याचं. माझं एकट्याचं कोनाला हवंय?" माझी तर सगळी कादंबरी माझी एकट्याची होती. मला त्याच्या अंगणाचा हेवा वाटला. तसं अंगण तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणायचं कुठून?

माझी कादंबरी पुरी व्हायला दोन हजार सालाच्याही पुढची काही वर्षं गेली. तिच्यात एक रेडिओवर बातम्या वाचणारी बाई आहे. खोट्या बातम्या ती इतक्या सुंदर आवाजात वाचते की सगळा देश तिच्यावर विश्वास ठेवतो, आणि खोटं काय आहे हे तिला एकटीला ठाऊक असतं. टाईप केलेलं बाड मी पास्कूला नेऊन दिलं. प्रकाशकाआधी त्याला. कारण मी कितीही जळत असलो, तरी चांगलं काय आणि वाईट काय हे वसईत त्याच्याइतकं कुणाला कळत नव्हतं, आणि हे मलाही कळत होतं. त्याच सुमारास त्याचं किडनीचं दुखणं सुरू झालं आणि तो घरी बसला. मी भेटायला जायचो, इकडचं तिकडचं बोलायचो, उठताना हळूच विचारायचो. तो म्हणायचा, "चाललंय, मास्तर, चाललंय," आणि वहिनीला चहा टाकायला सांगायचा. आजारी माणसाला किती छळायचं? घरी येताना वाटायचं, आवडली नाही, म्हणून बोलत नाही. कधी वाटायचं, आवडली, म्हणून बोलत नाही. हे दुसरं वाटलं की मला जरा बरी झोप यायची.

अंत्यविधीला गाव लोटलं होतं. एवढी माणसं माझ्या वेळी येतील का, असं मी चर्चच्या दारात उभा राहून मोजत होतो, हेही सांगून टाकतो. महिना झाल्यावरच्या मिस्सेला मी पुन्हा गेलो. नंतर घरी जेवण होतं. वहिनीनं माझं बाड नीट गुंडाळून परत दिलं. मी कोपऱ्यात जाऊन घाईघाईनं पानं चाळली. कुठं पेन्सिलीची रेघदेखील नव्हती. एवढ्यात पास्कूची मावशी, मार्था, हातातली ताटली घेऊन माझ्याजवळ आली.

"तुमीच ना ते मास्तर?" तिनं विचारलं. "मंग त्या रेडिओवाल्या बाईचं पुढं काय झालं?"

मला आधी समजेना. तेवढ्यात आणखी दोघी वळल्या, जाळी शिवणारा एक म्हातारा खुर्ची ओढून जवळ आला. सगळा उलगडा हळूहळू झाला. आजारपणात पास्कू रोज संध्याकाळी माझी कादंबरी अंगणात सांगत होता. ही मास्तरांची गोष्ट, माझी नाय, असं पहिल्याच दिवशी सांगून. शेवटची तीन प्रकरणं राहिली आणि तो गेला. महिनाभर ही माणसं त्या बाईची काळजी करत बसली होती… आणि मी घरी बसून अभिप्रायाची वाट बघत होतो. मला आनंद झाला, आणि त्याच क्षणी रागही आला. मला न विचारता, माझी गोष्ट, त्याच्या आवाजात!

मी ओट्यावर बसलो आणि सांगायला लागलो. मला सांगता येत नाही. मी वाचून दाखवल्यासारखं बोलतो. तरी ऐकत होते. रेडिओ केंद्राचा साहेब त्या बाईला बोलावून विचारतो की तुझा या बातम्यांवर विश्वास आहे ना, या प्रसंगापाशी आलो तेव्हा मार्था मावशीनं मला थांबवलं.

"इथं ती परत हसली का?"

मी म्हटलं की माझ्या कादंबरीत ती कुठंच हसत नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मावशी समजुतीच्या सुरात म्हणाली, "अवो, हसते ना. सायबानं काय विचारलं का आदी जराशी हसते, मंग व्हय म्हनते. पास्कू करून दाखवायचा." तिनं ते करून दाखवायचा प्रयत्न केला, म्हाताऱ्यानंही केला, दोघांनाही जमलं नाही. मला मात्र ते हसणं लख्ख ऐकू आलं. माझ्या बाईला वर्षानुवर्षं जे कमी पडत होतं ते तेवढंच होतं.

आता दर रविवारी संध्याकाळी मी पाचूबंदरला जातो. गोष्ट केव्हाच संपली, पण त्यांना पहिल्यापासून परत हवी आहे. घरी मी ते हसणं लिहून बघतो आणि खोडतो. अंगणात साहेबाचा प्रश्न आला की मी गप्प होतो. सगळे थोडा वेळ ओट्याच्या, पास्कू बसायचा त्या टोकाकडे बघतात, तिथं कुणी नसतं, आणि मग एकदम हसतात. ते पुरतं थांबेपर्यंत मला पुढे बोलता येत नाही. मेला, तरी माझ्याच पुस्तकात जागा अडवून बसलाय.