सर्दी, खोकला आणि बाकावरची माणसं

सात रस्त्याजवळच्या माझ्या दवाखान्यात हवा बदलली की बाकावर जागा उरत नाही. सर्दी आठवड्याभरात जाते, पेशंटही जातो, मागे किस्सा तेवढा राहतो. आता इतके साठलेत, की केसपेपरच्या कपाटात त्यांना वेगळा कप्पा करावा लागेल!

*

चिंचोळी एमआयडीसीतला एक कामगार. नाक वाहतंय, ताप नाही.

"सुई मारा की मॅडम!"

"साधी सर्दी आहे. सुई नको, अँटिबायोटिक नको. आराम करा, वाफ घ्या."

तो बघतच राहिला. "वाफ? मी बॉयलरवर कामाला हाय. आठ तास दुसरं काय घेतो?"

*

शुक्रवार पेठेतल्या एक शिक्षिका. टॉन्सिलवर पू, चांगला ताप, म्हणून अँटिबायोटिकचा पूर्ण कोर्स लिहून दिला. चौथ्या दिवशी परत हजर, घसा पुन्हा लाल!

"गोळ्या संपवल्या?"

"दोन दिवसांत बरं वाटलं. उरलेल्या ह्यांना दिल्या. खोकत होते, वाया कशाला घालवायच्या?"

"मग गेला त्यांचा खोकला?"

"खोकला जागेवरच आहे. जुलाबामुळं हेच सकाळपासून जागेवर नाहीत!"

*

विणकर घरातली चार वर्षांची पोर. घसा बघायचा, तर ओठ घट्ट मिटलेले. मी "आ कर" म्हणून दमले. शेवटी तिची आजी तेलुगूत कडाडली, "नोरु तेरुवू!" म्हणजे तोंड उघड.

पोरीनं उघडलं नाही. समोरच्या बाकावरच्या तिघांनी उघडलं! ते बघून पोरगी खदाखदा हसली, तेवढ्यात मी टॉर्च मारून घेतला.

*

सांगोल्याकडचे बिराप्पा मेंढरं राखतात. आवाज महिनाभर बसलेला, त्यात विडी. सर्दीनं बसलेला आवाज दोन आठवड्यांत परत येतो. इतका लांबला की मला धास्ती वाटते. लगेच चिठ्ठी देऊन घशाच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

जाताना बायको दारात थांबली. "कॅन्सर तर न्हाय ना वो?"

मी चिठ्ठी परत घेतली, वर 'तातडीचं' असं लिहून दिलं.

तिकडे दुर्बिणीनं तपासलं. गाठ नव्हती, नुसती सूज! माझाच जीव भांड्यात पडला. विडी बंद, काही दिवस बोलणंही बंद.

"मेंढरांना हाळी म्या घालते की," बायको म्हणाली.

दीड महिन्यानं दोघं आले. बिराप्पांचा आवाज खणखणीत!

"आता मेंढरं येतात ना हाकेला?"

"कुटं येत्यात! आता हिचंच ऐकत्यात."

"मग तुम्ही काय करता?"

बिराप्पांनी पटका सारखा केला, बायकोकडं बघितलं.

"हिनं हाळी घातली, की मी बी जातो की मेंढरांसंगं!"