मामींची रविवारची धरपकड

माझ्या बायकोच्या मामींइतकी अस्वस्थ बाई अख्ख्या नाशिक जिल्ह्यात शोधून सापडायची नाही. गोदावरीसुद्धा उन्हाळ्यात जरा विसावते, मामी नाही. चहा त्या उभ्यानं पितात आणि टीव्हीवरच्या मालिका घरभर येरझाऱ्या घालत बघतात. त्यामुळे कुठल्या मालिकेतली सासू कुठल्या सुनेला छळते आहे, याचा त्यांच्याकडे कायमचा गोंधळ. मामा होते तोवर ही धावपळ घरातल्या घरात चालायची. मामा गेले, मुलगा आधीच बंगळूरला, आणि इंदिरानगरचा तो फ्लॅट मामींना खायला उठला. मग त्या पहाटे एकट्याच पांडवलेणी चढू लागल्या. पण न बोलता चढलं की त्यांना जास्त दम लागतो. म्हणून त्यांनी माणसं धरायला सुरुवात केली.

‘धरायला’ हाच शब्द बरोबर. भाजीवाल्याकडे, बँकेच्या रांगेत कुणी एकटं दिसलं की मामी विचारणार, “रविवारी काय करता हो?” “काही नाही” म्हणालात की संपलात. दातांच्या दवाखान्यात एका बाईंच्या तोंडात कापूस होता, म्हणून त्यांनी नुसती मान हलवली. पुढच्या रविवारी त्या अंजनेरीच्या पायऱ्या चढत होत्या.

मामींच्या समोरच्या फ्लॅटमधले काका मात्र दाद देईनात. काकू गेल्यापासून त्यांचं दार दुधाच्या पिशवीपुरतं उघडायचं. शेवटी एका रविवारी मामींनी बेल वाजवली आणि अगदी गरीब आवाजात म्हणाल्या, “काका, पाण्याचा कॅन तेवढा गाडीपर्यंत देता का?” काका लेंग्यावरच कॅन घेऊन खाली आले. मामींनी त्यांना कॅनसकट माझ्या गाडीत कोंबलं; गाडी चालवायला मी आधीच धरला गेलो होतो.

“ही सरळसरळ पळवापळवी आहे!” काका पेठ रोडपर्यंत ओरडत होते.

“जावईबापू, तुम्ही समोर बघून चालवा,” मामी म्हणाल्या.

रामशेज गडाच्या अर्ध्या वाटेवर काका एका दगडावर बसले ते उठेचनात. मामींची घालमेल सुरू झाली. चार पावलं वर जायच्या, परत खाली यायच्या. अखेर त्यांनी पोह्यांचा डबा उघडून काकांच्या हातात दिला. काकांनी एक घास बराच वेळ चावला.

“मीठ कमी आहे,” ते म्हणाले. मग थांबून, “आमच्या हिच्याही हातून कमीच पडायचं. मी रोज बोलून दाखवायचो.”

मग काका बोलत सुटले, ते थेट गड उतरेपर्यंत. पुढच्या रविवारी सगळ्यांच्या आधी ते बूट घालून फाटकात उभे होते.

अशाच एका रविवारी दुपारी आम्ही परतलो. काका जिना चढून गेले, पण मामी गाडीतून उतरेनात. पदराचं टोक बोटाला गुंडाळायच्या, सोडायच्या.

“डोंगरावर बरं असतं हो,” त्या म्हणाल्या. “घरी आलं की कुलूप आपणच लावलेलं, आपणच उघडायचं.”

मी गाडी आमच्या घराकडे वळवली. तेव्हापासून रविवारची खिचडी त्या आमच्याकडेच खातात. हात धुतला की फोन घेऊन गॅलरीत जातात आणि फेऱ्या मारत पुढच्या रविवारची जुळवाजुळव करतात. परवा त्यांनी काकांना फोन लावला आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात अंजनेरीचा बेत ऐकवला. मग त्यांच्या फेऱ्या थांबल्या. काका पलीकडून काय सांगत होते, मला कळलं नाही. मामी कठड्याला टेकून, कितीतरी वेळ, नुसत्या ऐकत होत्या.