एकशे बेचाळीस समाधानी माणसं

प्यो गुमोक मुलाखतीला आली तेव्हा देगू शहराच्या विद्यापीठातल्या व्यवस्थापन विभागात तीन प्राध्यापक टेबलामागे बसले होते आणि समोर ही चौपन्न वर्षांची, बुटकी, केसांना बारीक कुरळं वळण दिलेली बाई.

"शिक्षण किती?" एकानं विचारलं.

"आठवी."

"संशोधनाचा काही अनुभव?"

"बावीस वर्षं कापडगिरणीत साहेब लोकांचे स्वभाव अभ्यासले," गुमोक म्हणाली. "परीक्षा रोजच असायची."

तिघांतला सगळ्यात तरुण, बांग तेयून, खो खो हसला. नोकरी तिला तिथंच मिळाली.

विभागात संशोधन चालायचं ते माणसांच्या वागण्याचं. नोकरदार का सोडून जातात, वरिष्ठांपुढे का गप्प बसतात, साधा गुंतवणूकदार चढलेला शेअर घाईनं विकून पडलेला का कवटाळून बसतो, असले प्रश्न. प्रश्नावली प्राध्यापक तयार करायचे, बेरजा संगणक करायचा. पण मध्ये कोणीतरी बसनं कारखान्यात जाऊन, अनोळखी माणसाला गोडीगुलाबीनं बसवून, ते कागद भरून आणायला हवेत ना? ते मधलं काम गुमोकचं. गिरणी बंद पडल्यापासून ती घरात बसून कंटाळली होती. खांद्याला कागदांची पिशवी आणि खिशात आल्याच्या गोळ्या घेऊन ती हिंडायला लागली आणि तिला वाटलं, आपण आधीच ही नोकरी का नाही केली!

पहिली प्रश्नावली तिनं घरातच भरून घेतली. नवरा कु बोंगसू निवृत्त बसचालक. सकाळी नाश्ता झाला की तो शेअर दलालाच्या कचेरीत जाऊन आणखी वीस म्हाताऱ्यांबरोबर भिंतीवरचे आकडे बघत बसायचा. 'भाव पडलेला शेअर तुम्ही का विकत नाही?' या प्रश्नाखाली चार पर्याय होते. बोंगसूनं चारही खोडले आणि खाली लिहिलं, 'विकला तर बायकोला कळेल.'

"अहो, म्हणजे पडलाय की काय?" गुमोक कागद वाचून ओरडली.

"बघ, कळलं की नाही!" बोंगसू म्हणाला.

दोन दिवस घरात अबोला होता. पण तो कागद वाचून बांग खुर्चीतून उठून उभा राहिला. पुढच्या पाहणीत त्यानं नवा प्रश्न घातला, 'तुमचं नुकसान घरात कोणाला माहीत आहे का?' आणि त्या एका प्रश्नावर त्याचं त्या वर्षीचं सगळं संशोधन उभं राहिलं. तेव्हापासून तो गुमोकला काकू म्हणायला लागला.

चष्म्याच्या फ्रेम बनवणाऱ्या त्या कारखान्याचं प्रकरण घडलं ते तिच्या नोकरीच्या चौथ्या वर्षी. बांगचा विषय होता, 'कामाच्या जागी माणसं तोंड का उघडत नाहीत?' कारखाना शहराच्या उत्तरेला, मालक योम अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, वडिलांनी सुरू केलेला धंदा. त्यानं मोठ्या मनानं परवानगी दिली. कारखान्यातला विभागप्रमुख मेंग दोसिक यानं कागद वाटले, त्यानंच गोळा केले, स्वतःच्या हातानं पोच लिहून, सही करून गठ्ठा गुमोकच्या हाती दिला.

बसमध्ये गुमोकनं गठ्ठा चाळला. एक ते पाच गुण द्यायचे होते. एक म्हणजे अगदी नाखूष, पाच म्हणजे अगदी खूष. वरिष्ठ ऐकून घेतात का? पाच. अडचण सांगायची भीती वाटते का? अजिबात नाही, पाच. कामाची जागा सुरक्षित आहे का? पाच. एकशे बेचाळीस कागद आणि सगळीकडे पाच, पाच, पाच.

"वा!" बांग म्हणाला. "असा सुखी कारखाना मी पाहिला नाही."

"मीही नाही, सर. नवरा-बायकोसुद्धा एकमेकांना पाच देत नाहीत. हे कागद फेकून द्या."

"काकू, असं कसं फेकू? आपल्याला आवडली नाहीत म्हणून उत्तरं टाकायची नसतात. आकडा तो आकडा."

गुमोकनं पिशवी खाली ठेवली आणि समोरची खुर्ची ओढून बसली.

"आमच्या गिरणीत माझ्या शेजारच्या मागाची संरक्षक जाळी सैल झाली होती. सगळ्यांना माहीत. तपासणीवाल्यांचा असाच छापील कागद आला. मुकादम डोक्यावर उभा. मी लिहिलं, 'तक्रारी: शून्य.' आठव्या दिवशी शेजारच्या सुनदोकची दोन बोटं गेली. एकोणीस वर्षांची पोर ती. तो कागद अजून कुठल्यातरी सरकारी कपाटात असेल सर, माझ्या सहीचा. त्यावरही आकडाच आहे."

बांगनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग काय करायचं?"

"मला पंधरा दिवस द्या. आणि पोस्टाची तिकिटं लावलेली दीडशे पाकिटं."

नोव्हेंबर संपत आला होता. कारखान्याच्या कँटीनची हिवाळ्याची किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालायचा दिवस ठरला होता. मागच्या अंगणात सहाशे कोबी मिठाच्या पाण्यात मुरत होते आणि कामगार बायकांना अर्धा दिवस मोकळीक होती. गुमोक स्वतःचा एप्रन आणि रबरी हातमोजे घेऊन हजर झाली आणि न विचारता एका परातीशी जाऊन बसली. किमची घालायला आलेल्या बाईला परत जा असं कोणी म्हणत नाही.

शेजारी छा म्योंगजा नावाची चाळिशीची बाई कोबीच्या पानापानात लाल मसाला भरत होती आणि मधूनमधून बाजूला तोंड करून खोकत होती.

"ताई, तुम्ही त्या कागदवाल्या ना?"

"आज कोबीवाली."

"तुमच्या कागदावर आम्ही सगळ्यांनी पाच लिहिले हं!"

"बघितलं की. एकीनं तर 'स्त्री की पुरुष' विचारलंय, तिथंही पाच लिहिलेत."

अंगणभर हशा पिकला. एक जण दुसरीला कोपरानं ढोसत म्हणाली, "अगं, ती तूच गं! घाईत होतीस!"

"बरं, पण पाचच का? चार का नाही?" गुमोकनं कोबी उलटवत विचारलं.

"मेंग साहेब दारात उभे होते ना कागद गोळा करायला. चार लिहिला आणि विचारलं, एक गुण कुठं गेला, तर काय सांगायचं?"

पुन्हा हशा झाला, पण या वेळी तो लवकर विरला. मग हात चालत राहिले आणि हळूहळू पोटातलं ओठांवर यायला लागलं. म्योंगजा फ्रेमना मुलामा देण्याच्या खोलीत काम करायची. तिथं वाफ बाहेर ओढून नेणारा पंखा होता, तो गेल्या वर्षीपासून नुसता घरघरत होता. वाफ खोलीतच. डोळे चुरचुरतात, छाती भरून येते. एका वयस्कर कामगार बाईनं सोमवारच्या बैठकीत तो विषय काढला, तर आठवड्याभरात तिची बदली तळघरातल्या गोदामात झाली. त्यानंतर कोणी ब्र काढला नाही.

"मालकांना माहीत आहे?" गुमोकनं विचारलं.

"मालक भला माणूस आहे हो. सणाला आमच्या पोरांना खाऊ पाठवतो. पण बैठकीच्या खोलीत मोठी पाटी आहे, 'अडचणी नकोत, उपाय आणा.' आता नव्या पंख्याचा उपाय मी कुठून आणू, सांगा!"

गुमोकनं यातलं एक अक्षरही लिहून घेतलं नाही. तिचे हात मिरचीनं लाल होते, आणि परातीशी बोललेलं कागदावर नेणं तिला पटलंही नसतं. पण दुसऱ्या दिवसापासून ती कारखान्याबाहेरच्या बस थांब्यावर उभी राहायला लागली. सुटणाऱ्या प्रत्येकाच्या हातात नवा कागद आणि पाकीट द्यायची. पाकिटावर पत्ता तिच्या घरचा. "घरी बसून भरा, नाव लिहू नका, वाटेत कुठल्याही पेटीत टाका. माझ्या नवऱ्याशिवाय कोणी बघणार नाही आणि त्याला शेअर सोडून काही वाचता येत नाही."

पाकिटं यायला लागली. बोंगसू रोज सकाळी पेटी उघडून ओरडायचा, "आज अकरा! काल नऊ होती, चढती कमान आहे!" शेवटी सत्त्याण्णव कागद आले. पाच फारच थोड्या ठिकाणी होते. मागच्या कोऱ्या बाजूंवर माणसांनी भरभरून लिहिलं होतं, कोणी पेन्सिलीनं, कोणी पोराच्या रंगीत खडूनं.

एका कागदाच्या मागे फक्त तीन तारखा होत्या. खाली लिहिलं होतं, 'या तीन दिवशी पंख्यासाठी लेखी अर्ज केला. तिन्ही वेळा वरच्या कचेरीतून परत आला. चौथ्यांदा धीर झाला नाही. ज्यांनी विश्वास ठेवायला हवा होता ते मला घाबरतात.'

गुमोकनं ते अक्षर ओळखलं. पहिल्या गठ्ठ्याची पोच अजून तिच्या पिशवीत होती. दारात उभं राहून पाच गोळा करणाऱ्या त्या माणसाचा तिला इतके दिवस रागच आला होता. तिनं कागद गठ्ठ्याच्या मधोमध सारला.

बांगलाही वाचताना संशय आला. "काकू, हे विभागप्रमुखाचं असणार..."

"सर, ओळखू नका. मोजा."

अहवाल सांगायचा दिवस ठरला. बैठकीच्या खोलीत त्या पाटीखाली योम मालक बसला होता, भिंतीला टेकून मेंग आणि आणखी दोन-तीन अधिकारी उभे. बांगनं पडद्यावर तक्ते दाखवले. सरासरी अशी, फरक असा. मालक मान हलवत होता. मुलामा खोलीचा तक्ता आला तशी मान थांबली.

"हे वाफेचं कोणी लिहिलंय?"

मेंगचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला. बांग घसा खाकरत राहिला. मागच्या खुर्चीवरून गुमोक उठली. तिला बोलायला कोणी सांगितलं नव्हतं.

"मालक, तुम्ही नाव विचारलंत ना, तर पुढच्या वर्षी पुन्हा एकशे बेचाळीस पाच येतील. छान दिसतील. फ्रेम करून लावा."

"काकू..." बांग पुटपुटला.

"मी वयानं लहान आहे तुमच्यापेक्षा, चुकलं तर रागवा. पण कोणी सांगितलं हे कळल्यानं पंखा फिरायचा नाही. खोली वरच आहे. चला, पाच मिनिटं उभे राहू."

म्हातारा तिच्याकडे बघत राहिला. वडिलांच्या पश्चात त्याच्याशी असं कोणी बोललं नसावं. मग तो काठी घेऊन उठला. सगळे जिना चढले. मुलामा खोलीत कामगार जागच्या जागी ताठ झाले. मालक दाराशी उभा राहिला. दुसऱ्या मिनिटाला त्यानं चष्मा काढून डोळे पुसले. तिसऱ्या मिनिटाला त्याला ठसका लागला, पण तो बाहेर आला नाही.

"हे कधीपासून असं आहे?"

म्योंगजा जमिनीकडे बघत होती. गुमोकही गप्प राहिली, कारण हे तिनं सांगायचं नव्हतं.

"एक वर्ष आणि दोन महिने," मेंग दोसिक म्हणाला. "मी तीनदा अर्ज केला, मालक. नंतर गप्प बसलो. चूक माझी आहे."

"तीनदा?" म्हातारा म्हणाला. "माझ्यापर्यंत एकदाही आला नाही." मग आपल्याशीच बोलल्यासारखा म्हणाला, "कसा येईल? मीच सांगून ठेवलंय, अडचणी आणू नका म्हणून."

म्योंगजानं मान वर करून मेंगकडे पाहिलं. तीनदा! हे तिला ठाऊकच नव्हतं.

नवा पंखा चौथ्या दिवशी बसला. गोदामात पाठवलेली बाई आपल्या जागी परत आली. खोलीतल्या सगळ्यांची छाती मालकानं डॉक्टरांकडून तपासून घेतली. म्योंगजाचा खोकला मात्र जायला वसंत उजाडला. पाटी म्हाताऱ्यानं काढली नाही. वडिलांच्या हातचं अक्षर होतं म्हणे. पण सोमवारच्या बैठकीत तो आता आधी इतरांना बोलायला लावून स्वतः शेवटी बोलायचा, आणि ते त्याला मुळीच जमत नव्हतं, दर दोन मिनिटांनी तोंड उघडून परत मिटायचा, असं मेंगनं गुमोकला सांगितलं. ते सांगताना त्याला हसू येत होतं. त्या कागदाबद्दल त्यानं कधी विचारलं नाही, हिनंही सांगितलं नाही.

बांगचा निबंध नावाजला गेला. शेवटी आभारात गुमोकचं नाव होतं, पण एक अक्षर चुकलेलं. ती दोन दिवस फुगून होती. तिसऱ्या दिवशी बांगनं भर दुपारी तिला ताज्या नूडल्सचं गरम सूप खाऊ घातलं तेव्हा राग गेला. त्यानंतर कुठलीही प्रश्नावली छापायच्या आधी तो तिच्याकडून ती मोठ्यानं वाचून घ्यायचा. ज्या प्रश्नाला ती भुवई उंचावेल तो प्रश्न बाद.

सदुसष्टाव्या वर्षी गुडघे ऐकेनासे झाले तेव्हा तिनं पिशवी खाली ठेवली. पुढच्याच महिन्यात बांग पहिल्यांदा स्वतः कागद घेऊन एका मोजे विणणाऱ्या कारखान्यात गेला. ओळखपत्र होतं, विद्यापीठाचं पत्र होतं, तरी पहारेकऱ्यानं त्याला तासभर फाटकाबाहेर ताटकळत ठेवलं. शेवटी त्यानं गुमोकला फोन लावला.

"काकू, हा माणूस आत सोडत नाहीये."

"तुम्ही त्याला जेवलात का म्हणून विचारलं?"

"नाही."

"मग कसा सोडेल? दोन वाजून गेलेत. आधी ते विचारा, आणि त्याचं सांगून होईपर्यंत ऐका."

बांगनं फोन खिशात ठेवला आणि पहारेकऱ्याच्या खोपटाकडे वळला.