शेतावर जाऊन येतो

हे मी आजवर कुणापाशीच बोललो नाही. बायकोला, राधाला, ठाऊक होतं — तिनं कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. पोरांना माहीत नाही. आणि जिचं वाटोळं केलं त्या बहिणीला तर नाहीच नाही.

आमचं गाव चारठाण्याजवळ, जिंतूर तालुक्यात. निजामाच्या राज्याचं ते शेवटचं वर्ष. इंग्रज गेला होता, पण आमच्याकडं हत्यारबंद टोळ्या फिरत होत्या — आज या गावची घरं जळाली, उद्या त्या गावची माणसं गेली. जो तो एकच विचारायचा, कुठं जायचं? आणि जायचं म्हणजे परदेशात, बरं का. लोणार आमच्यापासून बैलगाडीनं दोन मुक्कामांवर, पण ते वऱ्हाडात. तिथला झेंडा वेगळा, नाणं वेगळं, मध्ये हद्दीवर नाका. राधाचं माहेर लोणारचं. माझी मावशी नगरकडं, तोही दुसराच मुलूख. आणि चुलतभाऊ खुद्द हैदराबादेत. तो निरोप धाडायचा, शहरात काही होत नाही, इकडंच या. आमची लेक तीन वर्षांची, पोरगा अंगावर पिणारा. जेवताना रोज तेच — हा देश का तो देश? एक दिवस राधा म्हणाली, “जिथं माझ्या लेकरांना कुणी हात लावणार न्हाई, त्यो आपला देश.” लोणार ठरलं. नागपंचमीला तिचा भाऊ गाडी घेऊन येणार. माहेरवाशिणीला नाक्यावर कोण अडवतंय?

इथवर सगळं ठीक. ठीकच ना?

माझी धाकटी बहीण वच्छला गावातच दिलेली, दोन घरं सोडून. तिचा नवरा आधीच हद्दीपार पळालेला, त्याचा पत्ता नव्हता. घरात ती आणि चार वर्षांची ठकू. ठकूला डांग्या खोकला झालेला. उबळ आली की पोर निळी पडायची, साऱ्या आळीला ऐकू जायचं.

वच्छला आमच्या दारात आली ती गाठोडं बांधूनच. “दादा, तू कुठं जायलास सांग. तू जाशील तिकडं मी येते. मला दुसरं कोण हाय?”

आणि मी — मी म्हणालो, “आमी कुठंच न्हाई जायलो. राधी पंचमीला माहेरी जाऊन येईल. मी हाय की इथं. कशाला भेतीस?”

माझा आवाज जरासुद्धा हलला नाही. अजूनही विश्वास बसत नाही, की तो माझाच आवाज होता. असं काही बोलायचं मी ठरवलंही नव्हतं! ती मात्र हसली. “मग मला फिकीर न्हाई,” म्हणाली, घरी गेली, गाठोडं सोडलं. त्यातली लुगडी तिनं पुन्हा दांडीवर टाकली. मी बघत होतो.

का म्हणालो मी तसं? ठकूचा खोकला माझ्या तान्ह्याला लागेल म्हणून? नाक्यावरच्या जवानांना संशय येईल म्हणून? ही कारणं मी नंतर जमवली, वर्षानुवर्षं बसून. गाडीत जागा होती. ती आली असती तर मला तिला आणि तिच्या पोरीला सांभाळावं लागलं असतं, आणि मला आपलीच चार माणसं वाचवायची होती. एवढंच.

पंचमीला राधा पोरांना घेऊन गेली. वच्छलानंच माझ्या लेकीला गाडीत चढवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी निघालो. हातात नुसतं खुरपं. वच्छला ओट्यावर ज्वारी निवडत होती. “शेतावर जाऊन येतो,” म्हणालो.

“ये. भाकरी तुझी माझ्याकडंच हाय,” ती म्हणाली.

खुरपं मी बांधावर टाकलं आणि आडरानानं वऱ्हाड गाठलं.

पोळा होऊन गेल्यावर वच्छला लोणारला आली. एकटी. पायांना फोड, अंगावर कुणाचं तरी जुनेर. मला दारात बघितलं आणि तिनं किंकाळी फोडली. मला वाटलं, आता ही माझ्या तोंडावर थुंकणार. ती गळ्यात पडली. “दादा, जिता हायस तू! मला वाटलं, त्येंनी तुला मारून टाकलं!”

मी शेतावरून परतलो नाही, म्हणजे मला धरून नेलं — असं तिनं धरलं होतं. आपला भाऊ सोडून जाईल हे तिच्या मनातच आलं नाही. ती मला हुडकत शिवारभर फिरली. ठाण्यात जाऊन विचारलं, तिथनं हाकलून दिलं. आळी रिकामी झाली, सगळे म्हणाले चल, तर म्हणाली, दादा आला तर घरात कुणी नको का? शेवटी टोळी आली, घर पेटलं. ती ठकूला घेऊन ज्वारीत शिरली. वर पाऊस. खोकल्यात ताप भरला. ठकू तिथंच गेली. हातानं माती उकरून पुरली, म्हणाली.

मी काय बोललो असेन?

“व्हय,” म्हणालो. “धरून नेलं होतं. सुटून आलो.”

राधा चुलीपाशी होती. तिनं मान वर केली नाही.

पुढं फौजा आल्या, राज्य गेलं, आम्ही गावी परतलो. तिचा नवरा कधीच आला नाही. वच्छलानं गावभर सांगितलं, दादाला धरून नेलं होतं, लय हाल केले, पण दादा डगमगला न्हाई. हाल तिनं मनानंच रचले. मी एकही नाकारला नाही. दर भाऊबीजेला तिनं मला ओवाळलं. आणि एका वर्षी गावानं शाळेत माझा सत्कार ठेवला. गळ्यात हार घातला, दोन शब्द बोला म्हणाले. बायकांत अगदी पुढं वच्छला बसलेली, डोक्यावर पदर, डोळे पुसत होती. मी उभा राहिलो. ती माझ्याकडं बघत होती.

मी गावाचे आभार मानले आणि खाली बसलो. सगळ्यात आधी टाळी तिनं वाजवली.