नॉर्मनचा पोपट

बर्मिंगहॅमच्या आमच्या मराठी मंडळात त्या दिवाळीला सुगम संगीत झालं नाही, याला सर्वस्वी मी जबाबदार आहे. नाकारून नाकारून आता दमलो, म्हणून कबूल करतो.

आमचे शेजारी नॉर्मन हे म्हातारे संगीतकार. 'लाइट म्युझिक', म्हणजे तिकडच्या हलक्याफुलक्या वाद्यधुना, हा त्यांचा प्रांत. शिवाय पियानो वाजवत, चेहऱ्यावरची रेघही न हलवता विनोदी किस्से सांगायचे. बायको गेल्यापासून पियानोचं झाकण बंदच होतं. एकदा कुंपणावरून म्हणाले, "भरलेला हॉल हसताना फक्त एकदा ऐकायचाय." मला फार वाईट वाटलं. (वाईट वाटलं की मी हमखास घोळ घालतो.) मंडळाच्या कार्यक्रमात त्यांचं नाव घातलं आणि ऑफिसातून पेंगत आल्यावर ईमेलमध्ये 'लाइट म्युझिक'चं सरळ मराठी करून टाकलं: सुगम संगीत!

झालं! भावगीतांच्या आशेनं हॉल गच्च भरला. पहिल्या रांगेत पुण्याहून आलेले माझे सासरे, नाना.

"हे गोरे गृहस्थ भावगीतं म्हणणार?"

"नाना, हे जरा वेगळं असतं..."

"जावईबापू, मला नका शिकवू. जन्मभर रेडिओ ऐकलाय!"

नॉर्मननी किस्सा सुरू केला. मावशीचा पोपट बसमधून पाद्र्याकडे पोचवायचा, असा. कुणी हसेना! मंडळी डोळे मिटून माना डोलवत होती. शेवटी पोपट चोच उघडतो, पियानोवर सारखे तीन ठोके पडतात आणि मग येतं ते शेवटचं वाक्य. सगळं हसू त्यातच! पण तीन ठोके म्हणजे नानांच्या लेखी तिहाई, गाणं समेवर येऊन संपलं! मांडीवर समेची थाप मारून ते ओरडले, "वाहवा! वन्स मोअर!"

मागून अख्खा हॉल, "वन्स मोअर!"

नॉर्मन जुन्या वळणाचे. नम्रपणे वाकले आणि पुन्हा मावशीपासून सुरू! पुन्हा बस, पुन्हा पाद्री, पुन्हा तीन ठोके.

"वन्स मोअर!"

"नाना, अहो, शेवट तर होऊ द्या!"

"रसभंग करू नका!"

तिसऱ्या खेपेला नॉर्मनचा घसा बसला. घाम पुसत त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला रडू यायचंच बाकी राहिलं. चौथ्यांदा बस निघाली तशी मी स्टेजवर धावलो, माईक ओढला आणि मराठीत ओरडलो, "अहो, हा विनोद आहे! हसा हो! मला या माणसाच्या शेजारी राहायचंय!"

हॉल हशानं जो फुटला! नाना तर खुर्चीतून घसरले. नॉर्मन उठून उभे राहिले, डोळे पुसले आणि तीनतीनदा वाकले.

परतताना गाडीत त्यांनी विचारलं, "शेवटचं वाक्य तू मराठीत सांगून टाकलंस ना?"

"हो," मी म्हणालो. "शब्दन् शब्द."

"वाटलंच. ते वाक्य कधी वाया जात नाही."

जन्मात पहिल्यांदा माझ्या बोलण्यावर अख्खा हॉल हसला, आणि श्रेय गेलं पोपटाला!